घोटाची चव आणि पेल्याचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत ‘एक बिअर द्या’ एवढे म्हणून आता भागत नाही. गव्हाची की बार्लीची, जर्मन धाटणीची की बेल्जियन, कडवट इंडिया पेल एल की काळी स्टाउट, कोकम घातलेली की आंबा घातलेली, असे प्रश्न पुढे येतात. ठरत नसेल तर लाकडी फळीवर मांडलेले चार-सहा छोटे पेले टेबलावर येतात. या फळीला ‘फ्लाइट’ म्हणतात. एकेक बिअर चाखायची, रंग, वास, कडूपणा ताडून पाहायचा आणि मग आवडेल तिचा मोठा पेला मागवायचा, अशी ही पद्धत. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत ही हौस शहरी मध्यमवर्गात चांगलीच रुजली.

‘डूलाली’ हा इंग्रजी शब्द मूळचा इथलाच. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिश फौजेची छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे अडकलेले सैनिक कंटाळा, ऊन, आजार आणि दारू यांमुळे डोके फिरल्यासारखे वागू लागत. त्या अवस्थेला ‘डूलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप, असे नाव पडले आणि पुढे ‘डूलाली’ म्हणजे भ्रमिष्ट, असा अर्थ इंग्रजीत रूढ झाला.

बिअर चाखून तिची तुलना करणे हा निव्वळ चैनीचा उद्योग आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्यामागे बरेच शास्त्र आहे आणि वैद्यकशास्त्रही त्याचे ऋणी आहे. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा, याची पद्धत १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. औषधांच्या चाचण्यांत आजही वापरली जाणारी ‘टी टेस्ट’ ती हीच. रसायनशास्त्रातील पीएच मोजमाप १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडले. तीन पेल्यांपैकी दोन एकसारखे आणि एक वेगळा ठेवून वेगळा ओळखायला लावणारी चाचणीही बिअरच्या कारखान्यांनी रूढ केली. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक जण बरोबर उत्तर देतोच. म्हणून चाखणाऱ्याला फरक खरोखर कळतो की नाही, हे ठरवायला ती चाचणी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. पेल्यावरचे नाव झाकले की भल्याभल्यांचा आत्मविश्वास डळमळतो, हा तिथला नेहमीचा अनुभव.

चव म्हणून जे जाणवते, त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते यामुळेच. घोट गिळल्यावर त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू त्यालाच चव समजतो. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला शिकरणासारखा केळ्याचा वास येतो, त्यामागे लवंगेची झाक असते. प्रत्यक्षात तीत केळेही नसते आणि लवंगही नसते. ती करामत यीस्टची. पिकलेल्या केळ्यात असणारे आयसोअमाइल अॅसिटेट हे रसायन यीस्ट आंबवताना तयार करते. कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातून. माणसात कडू चव ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहके आहेत. विष ओळखून थुंकण्यासाठी घडलेली ही यंत्रणा सवयीने कडू रसाची चाहती होते, जशी कारल्याची होते.

जिभेवरची चुणचुणही केवळ बुडबुड्यांची नसते. बिअरमधील कार्बन डायऑक्साइडपासून जिभेवरचे एक विकर आम्ल तयार करते आणि ती आंबट झिणझिण जाणवते. लडाखला जाणारे अनेक जण विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी अॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. तिने हे विकर दबते आणि फेसाळ पेयही सपक लागते. तितक्या उंचीवर पोहोचल्यावर दारू टाळावी, हे सांगणे वेगळे.

म्हणजे चाखणे हे लक्ष देण्याचे काम आहे आणि त्याला लागणारे प्रमाण फार थोडे असते. अमेरिकेत बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारा ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’ १९८५ पासून चालू आहे. त्याच्या गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि १० एकूण परिणामाला असतात. किती चढली, याला स्वतंत्र गुण नाहीत. किती प्यायली, यालाही नाहीत. फ्लाइटच्या फळीवर मात्र चाखण्याचे नाव राहते आणि काम पिण्याचे होते.

हिशेब साधा आहे. सहा पेले, प्रत्येकी १०० मिलिलिटर. त्यांची तीव्रता अनुक्रमे ४.५, ५, ५.५, ६, ६.५ आणि ८ टक्के धरली तर सर्वांत मिळून ३५.५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये ते साधारण १० ग्रॅम असते. ‘नुसते चाखून पाहिले’ म्हणणाऱ्याच्या पोटात जवळजवळ तीन छोटे पेग गेलेले असतात. त्यानंतर आवडलेल्या साडेसहा टक्क्यांच्या बिअरचा अर्ध्या लिटरचा पेला येतो. त्याचे आणखी २५-२६ ग्रॅम. एकूण पाच पेगांच्या वर.

यकृत हा साठा तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने निकालात काढते. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. रात्री दहाला संपलेल्या बैठकीचे अल्कोहोल पहाटे तीन ते सहापर्यंत रक्तात राहू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या पुरुषाने तासाभरात फक्त ती फळी संपवली, तरी ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता दाट असते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने त्यांच्यात तेवढ्याच अल्कोहोलची रक्तातील पातळी आणखी वर जाते. बाहेर दुचाकी उभी असते आणि सवारी करणाऱ्याला आपण ‘ठीक’ असल्याची खात्री असते. ही खात्रीच अल्कोहोलचा पहिला परिणाम. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी निर्णयशक्ती ढिली पडते.

‘बिअर ती, दारू नव्हे’ ही समजूत या सगळ्याला खतपाणी घालते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल, चार छोटे पेग. क्राफ्ट बिअर ताजी असते, गाळलेली नसते, तीत यीस्टची जीवनसत्त्वे असतात, हे खरे असले तरी त्याने इथेनॉलचा गुणधर्म बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. सोबत सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. बिअरमधील प्युरिनमुळे युरिक अॅसिड वाढते आणि गाउटचा धोका इतर मद्यांपेक्षा तिने अधिक वाढतो, हेही दिसून आले आहे.

काही जणांसाठी तर एक घोटही प्रयोगाचा विषय नाही. गर्भवती, यकृताचे रुग्ण, इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही, आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम घेणारे यांनी ‘नुसती चव’ या आग्रहाला ठाम नकार द्यावा. मित्रांनीही तो आग्रह धरू नये.

बिअर चाखणाऱ्यांचा एक जुना युक्तिवाद असतो. वाइन थुंकता येते, बिअर गिळावीच लागते, कारण कडू चव जिभेच्या मुळाशी कळते. जिभेवर गोड पुढे, कडू मागे, असा हा नकाशा पूर्वी शाळेच्या पुस्तकांतही असे. तो १९०१ मधील एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला आणि कधीच मोडीत निघाला. कडू चव जिभेच्या सर्व भागांत कळते. घशामागून येणारा वास मात्र गिळल्यावर अधिक खुलतो, एवढे खरे. पण त्याला एक छोटा घोट पुरतो. उलट तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतर जीभ कडूला सरावते, नाक थकते आणि मेंदूला सगळेच छान वाटू लागते. तिथून पुढे तुलना उरत नाही.

म्हणून उपाय हौस मोडण्याचा नाही, मापाचा आहे. त्याच सहा बिअर ३०-३० मिलिलिटर दिल्या, तर एकूण अल्कोहोल साडेआठ ग्रॅमच्या आत राहते, एका छोट्या पेगपेक्षाही कमी. चाखण्यात काहीच उणे पडत नाही. बाटलीवर तीव्रतेचा टक्का आणि आरोग्याचा इशारा छापावा लागतो, पण नळातून भरलेल्या पेल्याला लेबल नसते. मेन्यूकार्डवर प्रत्येक बिअरसमोर टक्के, मिलिलिटर आणि अल्कोहोलचे ग्रॅम छापणे मायक्रोब्रुअऱ्यांना अवघड नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने ते सक्तीचे करावे. फळीसोबत साधे पाणी आणि उरलेली बिअर ओतायला एक भांडे ठेवावे. परीक्षकांच्या टेबलावर अर्धे राहिलेले पेले नेहमीच दिसतात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. बिनअल्कोहोलच्या बिअरही आता मिळतात, त्याही फळीवर असाव्यात.

जे पीत नाहीत त्यांनी चवीच्या नावाखाली सुरुवात करण्याचे कारण नाही. जे पितात त्यांनी फळी समोर आली की पहिला घोट घेण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. कुठे थांबायचे आणि घरी कोण नेणार. चौथ्या पेल्यानंतर या प्रश्नांची उत्तरे द्यायला मेंदू तयार नसतो.