चेहरा सोलण्याआधी

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण बाईसाहेब मजेत होत्या. "मावशी, केमिकल पील करून घेऊ का गं? तीन आठवड्यांत होईल ना सगळं?" तीन आठवड्यांवर लग्न आलंय तिचं. पार्लरवालीने म्हणे नवरीच्या पॅकेजमध्ये तीन पील फुकट दिलेत.

मी एकदम "अजिबात नाही!" म्हणून ओरडले. पलीकडे शांतता. मग "बरं, बघू" म्हणून तिने फोन ठेवला. ओरडायला नको होतं हे नंतर कळलं. म्हणून जे शांतपणे सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय. ती वाचेलच. घरची बाकीची मंडळीही वाचतात, त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं आहे.

आधी माझी गोष्ट. २००९ साली धाकट्या दिरांच्या लग्नाआधी मी हेच केलं होतं, तेही ऐन मे महिन्यात. गालांवर मुरमांचे डाग होते आणि केमिस्टने दिलेलं एक 'गोरं करणारं' मलम मी सात-आठ महिने रोज लावत होते. पार्लरमधल्या मुलीने त्याबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिने ब्रशने काहीतरी लावलं आणि चेहरा चरचरायला लागला. "थोडं होणारच मॅडम, म्हणजे काम करतंय." मी सोसलं. छान दिसायचं तर सोसायचं, हे आपल्याला कान टोचतात तेव्हापासून शिकवलेलं असतं! दोन दिवसांनी डाव्या गालाची कातडी सुटली, खाली लालभडक झालं, आणि पंधरा दिवसांत तिथे रुपयाएवढा काळा डाग. त्या लग्नाच्या एकूणएक फोटोंत मी उजवा गाल पुढे करून उभी आहे. डाग फिका व्हायला दीड वर्ष लागलं.

नंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी मला पहिल्यांदा नीट समजावलं. पील म्हणजे शब्दशः सोलणं. आम्ल लावून त्वचेचा वरचा थर मुद्दाम सैल करायचा, तो गळून पडला की खालून नवी त्वचा येते. म्हणजे ही मोजूनमापून केलेली जखमच. आणि जखमेच्या बाबतीत आपली त्वचा कशी आहे हे आपल्याला चांगलं माहीत असतं. डास चावला, पुटकुळी फुटली, कढईतलं तेल उडालं, की जागा बरी होते पण डाग महिनोन् महिने राहतो. सावळ्या-गव्हाळ त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जरा त्रास झाला की जास्तच रंग तयार करतात. डाग घालवायला गेलेली बाई नवा डाग घेऊन येते ती याच कारणाने.

आणि पील ही काही एकच गोष्ट नाही. उसातून मिळणारं ग्लायकोलिक, दुधा-दह्यातलं लॅक्टिक, कडू बदामातून आलेलं मँडेलिक, मुरमांसाठी चांगलं असलेलं सॅलिसिलिक, ही सगळी सहसा वरवरच्या पीलसाठी वापरतात. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल, म्हणजे टीसीए, तीव्रतेप्रमाणे खोल जातं. फिनॉल सगळ्यात खोल जातं, आणि त्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून यंत्र लावून लक्ष ठेवावं लागतं. आपल्यासारख्या त्वचेला ते सहसा नकोच. शिवाय एकाच आम्लाची टक्केवारी वाढली, ते किती मिनिटं ठेवलं ते बदललं, की परिणाम बदलतो. ग्लायकोलिक वेळेवर निष्प्रभ करावं लागतं, नाहीतर ते आपलं काम करतच राहतं. घड्याळाकडे कोण बघतंय, हा म्हणूनच फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

तेव्हा बाळा, माझं म्हणणं असं.

पील वाईट नाही. मुरमं, त्यांचे डाग, वांग यांवर चांगल्या हातून उपयोग होतो. पण ते त्वचेच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नकोस, पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचार. विचारण्यात लाज कसली? भाजीवालीला आपण दहा प्रश्न विचारतो. ऑनलाइन बाटली मागवून घरी तर मुळीच करू नकोस. अमेरिकेच्या एफडीएनेही जुलै २०२४ मध्ये अशा तीव्र पीलबद्दल लोकांना सावध केलंय.

डॉक्टरांना सगळं खरं सांग. कुठलं मलम लावतेस, मुरमांच्या गोळ्या घेतल्यास का, ओठावर ताप उठतो का, जखमेचे वण जाड होतात का, अॅस्पिरीन सोसतं का, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का. यातल्या प्रत्येक उत्तराने निर्णय बदलू शकतो. माझ्या त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने त्वचा आधीच पातळ झाली होती, वरून आम्ल लागलं. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी घरोघरी एखादी ट्यूब सापडतेच.

आधी दोन ते चार आठवडे त्वचेची तयारी करून घेतात, आणि बहुधा लहानशा जागी लावून बघतात. नंतर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, उन्हात दर दोन तासांनी. खपल्या निघत असल्या तर नखाने ओढायच्या नाहीत. एका पीलने काही होत नाही, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा तरी लागतात. आता तूच हिशोब कर. तीन आठवड्यांत तीन पील, मग हळद, मग तासन् तास मेकअप, वर होमाचा धूर. सोललेल्या चेहऱ्यावर हळद चोळलेली मला तरी बघवणार नाही. करायचंच असेल तर लग्नानंतर, सावकाश कर. मी येईन सोबत.

आणि एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. पीलने डाग फिके होतात, कांती जरा उजळ दिसते. जन्माचा रंग बदलत नाही. गोरी होण्यासाठी करणार असशील तर पैसे वाया जातील.

आता मंडळी, तुमच्यासाठी. आणि माझ्यासाठीही.

हिला पील सुचलं कुठून? पार्लरवालीने सुचवलं हे खरं, पण जमीन आपणच नांगरून ठेवली होती. साखरपुड्याचे फोटो बघून "मुलगा उजळ आहे हो!" असं कोण कोण म्हणालं ते मी ऐकलंय. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, आपल्या तोंडातून काही गेलं नाही.

ती सातवीत असताना रोज पोहायला जायची. दिवाळीला सगळे जमलेले असताना मीच म्हणाले होते, "अगं बाई, किती काळवंडलीस!" सगळे हसले, तीही हसली. त्या उन्हाळ्यात तिने पोहण्याच्या क्लासला नाव घातलं नाही. कारण विचारलं तर "कंटाळा आला" म्हणाली. तेच खरं असेलही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. परवा रात्री फोनवर ओरडले ती काळजीने, पण थोडी या आठवणीनेही असेन.

आज सकाळी तिला फोन करून "चुकलं माझं" म्हणाले, दोन्ही गोष्टींसाठी. दुसऱ्या गोष्टीवर ती काही बोलली नाही. पण गुरुवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलंय, दोघी जाणार आहोत. त्या सांगतील ते ऐकायचं, असं तिने कबूल केलंय.

लग्नाला येताय ना सगळे? या. तिच्या रंगाबद्दल, चेहऱ्याबद्दल, तेजाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर जेवण छान झालं म्हणा.