कमी चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तेल केव्हा बदलावे?

ट्रॅक्टर हे आता केवळ बड्या बागायतदाराचे यंत्र राहिलेले नाही. लहान कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारातही ते उभे दिसते, आणि वर्षातील बहुतेक दिवस ते उभेच असते हेही तितकेच खरे. उसाच्या वाहतुकीवर किंवा भाड्याच्या कामावर असलेला ट्रॅक्टर एका हंगामात जेवढे तास चालतो, तेवढे तास केवळ घरच्या शेतीपुरता वापरलेला ट्रॅक्टर तीन-चार वर्षांतही चालत नाही. अशा कमी चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल केव्हा बदलावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे त्याचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

पुष्कळ शेतकरी बांधवांचे उत्तर ठरलेले असते : ‘मीटरवर तास भरले की बदलू.’ अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत तेल बदलण्यासाठी 250 तासांची मुदत दिलेली असते. काही नव्या ट्रॅक्टरांत ती 400 तासांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे गेली आहे. वर्षाकाठी 120 तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचा हिशेब मांडून पाहावा. 250 तास भरावयास दोन वर्षांहून अधिक काळ लागेल आणि 400 तासांना तीन वर्षेही पुरणार नाहीत. म्हणजे तेच तेल इंजिनात दोन किंवा तीन पावसाळे काढणार. वास्तविक अशा पुस्तिकांत तासांच्या आकड्याबरोबर ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशा आशयाची सूचनाही बहुधा असते. आपण वाक्याचा पहिला भाग वाचतो आणि दुसरा सोडून देतो. माझे मत असे की, कमी चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा दुसरा भागच महत्त्वाचा मानावा. तास भरोत वा न भरोत, तेल वर्षातून एकदा बदललेच पाहिजे.

याचे कारण इंजिनाच्या पोटात शोधावयास हवे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर पडते. पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. दिवसभर नांगरट करणाऱ्या इंजिनाचे तेल चांगले तापते आणि ही वाफ निघून जाते. याउलट गोठ्यापर्यंत चारा आणणे किंवा शेजारच्या वावरात फवाऱ्याची टाकी नेणे अशा दहा-पंधरा मिनिटांच्या कामात इंजिन पुरते तापतच नाही. मग वाफेचे पाणी होऊन ते तेलात मिसळते. अर्धवट जळालेले डिझेलही तेलात उतरून त्याला पातळ करते. ज्वलनातून निघणारे आम्लकारी वायू या पाण्याशी मिळून आम्ल बनते आणि ते बेअरिंगच्या धातूला हळूहळू खाते.

या आम्लाचा नाश करणारी द्रव्ये तेलात मिसळलेली असतात, पण ती मोजकी असतात. एकदा संपली की तेलाचे रक्षणसामर्थ्यही संपते. 1 एप्रिल 2020 पासून देशात मिळणाऱ्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त 10 भाग इतके उतरविण्यात आले, त्यामुळे गंधकापासून होणारे आम्ल पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहे. तथापि पाणी, काजळी आणि अर्धवट जळालेले इंधन यांचा उपद्रव काही टळलेला नाही.

मीटरवर सर्वस्वी विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. जुन्या ट्रॅक्टरांवरील यांत्रिक मीटर घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजते. ठरावीक वेगाने इंजिन चालले तरच त्याचा तास घड्याळाशी जुळतो. मंद गतीवर तासभर इंजिन सुरू राहिले तर मीटर त्याहून कमी वेळ दाखविते. म्हणजे तेलाला अपायकारक असे थंड व मंद चालणे ज्या ट्रॅक्टरच्या वाट्याला अधिक येते, त्याचेच तास कमी नोंदले जातात.

तेलाच्या रंगावरूनही निर्णय घेऊ नये. डिझेल इंजिनातील तेल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे पडते. ते निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. आणि तेल फारसे काळे दिसत नाही म्हणून ते चांगले आहे असेही नव्हे. मात्र डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले, त्याला डिझेलचा वास आला किंवा न भरताही त्याची पातळी वाढलेली आढळली, तर वर्षाची वाट न पाहता जाणत्या कारागिराकडून दोष शोधून घ्यावा.

आता वर्षातून एकदा, पण कोणत्या वेळी? आपल्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन त्याची पूजा करण्याचा प्रघात आहे आणि पुष्कळ ठिकाणी तेलही त्याच सुमारास बदलले जाते. पूजा दसऱ्यालाच व्हावी. तेल मात्र त्याआधी बदलावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या जमिनीत खरिपाची पेरणी उरकली की पाऊस उघडेपर्यंत मोठ्या ट्रॅक्टरला शेतात फारसे काम नसते. त्या दमट महिन्यांत पाणी व आम्ल मिसळलेले जुने तेल बेअरिंगला लागून राहणे हेच खरे हानिकारक. पेरणी आटोपताच नवे तेल भरले तर विश्रांतीच्या काळात इंजिनाला स्वच्छ तेलाचे संरक्षण मिळते. ते उभ्या इंजिनात विशेष बिघडत नाही आणि रब्बीच्या मशागतीलाही तेच चालते. भातपट्ट्यात चिखलणी संपली म्हणजे हेच करावे.

उभ्या ट्रॅक्टरला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची सवयही सोडून द्यावी. एवढ्या वेळात इंजिन तापत नाही, उलट पाण्याची भर मात्र पडते. सुरू करावयाचा तर अर्धा-पाऊण तास कामाला जुंपावा. नाही तर उभा राहू द्यावा.

‘ट्रॅक्टर चाललाच नाही, मग सात-आठ लिटर तेल काय म्हणून ओतून द्यावयाचे?’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला प्रत्येक रुपया मोजून खर्चावा लागतो. म्हणूनच दर तीन-चार महिन्यांनी तेल बदला असा सल्ला कोणी दिला तर तोही, इंजिनात दोष नसल्यास, मानण्याचे कारण नाही. नव्या ट्रॅक्टरची पहिली सेवा व हमीच्या काळातील वेळापत्रक तेवढे कसोशीने पाळावे. परंतु वर्षातून एकदा येणारा तेलाचा व गाळणीचा खर्च आणि बेअरिंग व क्रँक यांच्या दुरुस्तीसाठी इंजिन उघडण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय इंजिन बहुधा ऐन हंगामात दगा देते, आणि हुकलेल्या वाफशाची भरपाई कोणतेही दुरुस्तीचे बिल करू शकत नाही.

तेल बदलताना इंजिन काम करून गरम झालेले असावे आणि ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे व डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेपर्यंत भरावे. काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. शेवटी तारीख व मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवावा.

बैलाला काम नाही म्हणून आपण त्याची वैरण बंद करीत नाही, उलट विसाव्याच्या दिवसांत त्याची अधिक निगा राखतो. तीच दृष्टी दारातल्या यंत्राविषयी बाळगली तर कमी चालणारा ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने दीर्घकाळ चालेल.