पुतळ्याकडून रुग्णाकडे

सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात अनेकदा दिसणारे हे दृश्य आहे. एका खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी जमतात आणि दुखणारे पोट एकामागून एक दाबून पाहतात. रुग्ण बहुधा गरीब असतो. त्याची परवानगी क्वचितच विचारली जाते. वैद्यकीय शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या अशा अबोल रुग्णांच्या उपकारावर चालत आले आहे.

या दृष्टीने आपल्या देशात झालेला एक बदल स्वागतार्ह आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ साली एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला आणि महाविद्यालयांत ‘स्किल लॅब’ आवश्यक ठरविली. २०२० साली परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही हेच धोरण पुढे चालविले. विद्यार्थ्याने आधी पुतळ्यावर हात बसवावा आणि मगच रुग्णाकडे वळावे, हा त्यामागील विचार होय.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील मायामी विद्यापीठाचे डॉ. मायकल गॉर्डन यांनी १९६८ साली ‘हार्वे’ नावाचा पुतळा सादर केला. त्याची नाडी हाताला लागते, रक्तदाब मोजता येतो आणि सदोष झडपेचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो. तोच आवाज शंभर वेळा ऐकला, तरी कोणाला त्रास होत नाही.

मात्र पुतळा कण्हत नाही, लाजतही नाही. ही उणीव भरून काढणारा मार्ग त्याआधीच, १९६३ साली, डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी कॅलिफोर्नियात दाखविला होता. रुग्णाची भूमिका करण्यासाठी त्यांनी निरोगी व्यक्तीला प्रशिक्षण दिले. ‘तुमचा हात थंड होता’, ‘न विचारता पांघरूण बाजूला केलेत’, असे ती व्यक्ती विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगू शकते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

म्हणून स्किल लॅबचे यश पुतळ्यांच्या संख्येवर मोजू नये. तेथून बाहेर पडलेला विद्यार्थी खाटेजवळ येऊन आपले नाव सांगतो का, परवानगी मागतो का, पडदा ओढून घेतो का आणि चेहऱ्यावरची वेदना पाहून हात थांबवतो का, हीच खरी परीक्षा आहे. शेवटी डॉक्टर घडतो तो माणसाच्या सहवासातच. पण जनरल वॉर्डातील रुग्ण हे शिकण्याचे साधन नव्हे. ‘नको’ म्हणण्याचा त्याचा अधिकार खासगी खोलीतील रुग्णाइतकाच मोठा आहे.