ऐकलेल्याचा हिशेब

संघटित गुन्हेगारीच्या खटल्यात साक्षीदार मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. खंडणीचा फोन आलेला व्यापारी पोलिस ठाण्यात सविस्तर जबाब देतो. खटला उभा राहीपर्यंत त्याला काहीच आठवेनासे होते. त्याला दोष कसा द्यावा? त्यालाही बायकापोरे आहेत. ‘चोरी चोरी चुपके चुपके’ या चित्रपटामागच्या टोळीच्या पैशाचा खटला आठवा. चित्रपटसृष्टीतील नामवंत साक्षीदार फितूर झाले, प्रीती झिंटा मात्र जबाबावर ठाम राहिली. त्या खटल्यात पोलिसांनी २००० साली ध्वनिमुद्रित केलेली गुंड छोटा शकीलची संभाषणे हा मोठा आधार होता. भीतीने बदलत नाही असा पुरावा टोळीविरुद्ध दुसऱ्या कुठल्या मार्गाने क्वचितच हाती लागतो. म्हणूनच फोन ऐकण्याचा अधिकार पोलिसांना हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मोक्काने, तो दिला आणि सोबत बंधनेही घातली. तपासावर देखरेख करणाऱ्या, किमान अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी अर्ज करायचा. तपासाचे इतर मार्ग का पुरले नाहीत, हे त्यात सांगायचे. परवानगी एका वेळी ६० दिवसांपुरती. तातडीच्या प्रसंगी अतिरिक्त महासंचालक दर्जाचा अधिकारी आधी ऐकायला सांगू शकतो, पण ४८ तासांत अर्ज आलाच पाहिजे. संभाषण पुरावा म्हणून वापरायचे, तर अर्ज आणि आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीच्या हाती पडली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही कलमे रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरवली.

पण या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. अर्ज पोलिसांचा, परवानगी गृह खात्याची, फेरतपासणी मुख्य सचिवांच्या समितीची. सगळे एकाच सरकारचे लोक. अर्जातला मजकूर खरा आहे की नाही, हे मंत्रालयात बसून पडताळणार कोण? आपला फोन २०१६-१७ मध्ये ‘अमजद खान’ या नावाखाली, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा म्हणून ऐकला गेला, असे काँग्रेस नेते नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले. तो प्रकार मोक्काखालचा नव्हता, जुन्या टेलिग्राफ कायद्याखालचा होता. पण अर्ज करणारे आणि मंजूर करणारे हात तेच. पुढे फोन ऐकल्याबद्दल गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यामुळे खटला उभा राहिला नाही आणि ते नाव कागदावर आले कसे, हा प्रश्न लोकांच्या मनात तसाच राहिला. टोळीवाल्यांसाठी असलेले शस्त्र राजकीय विरोधकावर चालले, असा नुसता संशय जरी पसरला, तरी पुढच्या प्रत्येक खऱ्या खटल्यात आरोपीचा वकील तोच संशय घेऊन उभा राहील. विनित कुमार प्रकरणात २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा आदेशांखाली मुद्रित झालेली संभाषणे नष्ट करायलाच सांगितले, हेही तपास अधिकाऱ्यांनी विसरू नये.

मोक्काचे कलम २७ याच कारणासाठी महत्त्वाचे आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले. तातडीच्या नावाखाली किती फोन ऐकले आणि त्यांतल्या किती प्रकरणांना मागाहून मंजुरी नाकारली. किती खटले उभे राहिले, किती जणांना शिक्षा झाली, याचा वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत विधिमंडळासमोर ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. तपासाला बाधक ठरेल तेवढा भाग वगळण्याची मुभा आहे. पण आकडे सांगितल्याने कुठल्याही टोळीला सुगावा लागत नाही.

टोळ्या आता इंटरनेट कॉलवर आणि कूटबद्ध संदेशांवर गेल्या आहेत. पोलिस अधिक अधिकार, अधिक यंत्रणा मागणार आणि त्यांची मागणी रास्त असेल. ती मान्य करण्यापूर्वी आमदारांनी हा अहवाल मागावा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि त्या सुमारास मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन असते. गृह खात्याच्या मागण्यांवरील चर्चेत एक तास या अहवालासाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न फेटाळलेल्या अर्जांचा विचारावा. वर्षभरात एकही अर्ज फेटाळला गेला नसेल, तर गृहमंत्र्यांनी त्याचे कारण सभागृहात उभे राहून सांगावे.