तिकिटावरचा सव्वा तास

मालवण-वेंगुर्ल्याकडचा जवान मुल्लानपुरात सुटीचा अर्ज टाकतो, तेव्हा लातूर-बीडचे साथीदार हमखास म्हणतात, "तुमच्या दारात विमान उतरतं रे, मुंबईहून सव्वा तासात घरी!" मला या सव्वा तासाचा राग आहे. आमदार-खासदार तो भाषणात सांगतात, पेपरवाले छापतात, आणि सुटीवर निघालेल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी हिशोब बघा. मुंबई ते चिपी हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर. त्या मार्गावर उडणारं पंख्याचं विमान ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे खरं उडणं पाऊण तासाचं. उरलेला वेळ मुंबईत धावपट्टीसाठी रांग, चढणं, उतरणं यात जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. चंदीगड-मुंबई १३५० किलोमीटर, तिकिटावर अडीच तास. म्हणजे पाव अंतराला निम्मा वेळ! आणि मधे मुंबईत पुढच्या विमानाची वाट बघत बाकड्यावर काढलेली रात्र कुठल्याच तिकिटावर नसते.

आता मोपा घ्या. जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं उडतात. चिपीपासून सरळ रेषेत ते ५० किलोमीटरसुद्धा नाही. मुंबईहून मोप्याला जायला हवेत जेमतेम पाच मिनिटं जास्त. तरी मालवणचा जवान मोप्याला उतरतो, गोव्यातून टॅक्सी करून उलटा उत्तरेला येतो आणि विमानात वाचलेले पैसे रस्त्यावर घालवतो. का? तिथे दिवसभर विमानं आहेत. एक चुकलं तर दुसरं मिळतं.

चिपी सुरू झालं ९ ऑक्टोबर २०२१ ला, 'उडान' योजनेत. या योजनेत विमान कंपनीचा खर्च आणि उत्पन्न यांतल्या तुटीची भरपाई सरकार तीन वर्षं देतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत भरली, मुंबईची ती फेरी थांबली. अडीच हजार मीटरची धावपट्टी परुळ्याच्या कातळावर होती तिथेच आहे. त्यानंतर कुठलीही फेरी जाहीर झाली की आमची पोरं वेळ विचारत नाहीत. विचारतात, "किती दिवस टिकणार?"

कोणी म्हणेल, प्रवासी नाहीत तर कंपनी विमान का उडवेल? अहो, आज आहे उद्या नाही अशा फेरीवर प्रवासी भरवसा ठेवणार कसा? घरून आजारपणाचा फोन आला की जवान जे नक्की निघणार तेच धरतो. म्हणून आमची चंदीगड-मडगाव संपर्क क्रांती. दोन हजारांहून जास्त किलोमीटर, रोज नाही, अंग आंबून जातं. पण कुठल्या वारी सुटते हे सगळ्यांना पाठ आहे.

तेव्हा पैसा द्यायचाच तर फेरी टिकवायला द्या. एकच असू दे, पण रोज, वर्षभर, आणि उत्तरेकडून मुंबईत उतरलेल्याला त्याच दिवशी गाठता येईल अशा वेळेला. दर मार्च आणि ऑक्टोबरअखेर विमानांचं वेळापत्रक बदलतं. आमचा लीव्ह प्लॅन मात्र वर्षाच्या सुरुवातीला लागतो. गणपतीचे दिवस पोरांनी त्यात आत्ताच लिहून टाकलेत. पुढे प्रवास कसा, या ठिकाणी सगळ्यांनी एकच लिहिलंय: रेल्वे.