शेजार विद्यापीठाचा

गावात कॉलेज वाढले की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे भले होते, हा आपल्याकडचा जुना समज. मुले येतात, खोल्या भाड्याने जातात, खानावळ चालते, झेरॉक्सच्या दुकानापुढे परीक्षेच्या आदल्या दिवशी रांग लागते. समज खोटा नाही. कॉलेजला त्या झेरॉक्सवाल्याचा गाळाच हवासा वाटू लागला, की मात्र तो कामाला येत नाही. अशा वेळी काय होते, ते पाहायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे मॅनहॅटनव्हिल प्रकरण चाळावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, ते हेच विद्यापीठ. त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी आहे आणि ती कायम ठेवूनही पुढची हकीकत वाचता येईल.

विद्यापीठ टेकडीवर आणि खाली वेस्ट हार्लेमची वस्ती. जागा कमी पडते म्हणून २००३ मध्ये विद्यापीठाने १२५व्या रस्त्याच्या उत्तरेकडे १७ एकरांवर नवे संकुल उभारण्याची योजना जाहीर केली. तिथे गोदामे होती, गॅरेजे होती, छोटे कारखाने होते. एकेक मालमत्ता विद्यापीठाने विकत घेतली. बहुतेकांनी विकलीही. अडून बसले दोघे. एक, लोकांचे सामान भाड्याच्या खोल्यांत ठेवणारी ‘टक-इट-अवे’ ही कंपनी. दुसरे, भारतातून जाऊन तिथे पेट्रोल पंप चालवणारे एक शीख कुटुंब. घरांत राहणाऱ्यांवर सक्तीच्या संपादनाची पाळी आणणार नाही, असे विद्यापीठाने सांगून टाकले होते. राहता राहिले दुकानदार.

खासगी विद्यापीठाला दुसऱ्याची जमीन सक्तीने घेता येत नाही. ते काम सरकारला करावे लागते. सरकारने ते करायचे तर परिसर मोडकळीस आला आहे असे ठरवण्याची सोय न्यूयॉर्कच्या कायद्यात आहे. त्यासाठी राज्याच्या विकास महामंडळाने पाहणी करायला सल्लागार नेमला. तो नेमका याच प्रकल्पासाठी विद्यापीठाचेही काम करत होता. टीका झाली, तेव्हा फेरतपासणीला दुसरी कंपनी आणली. तिलाही परिसर मोडकळीसच आलेला दिसला. सल्लागारांच्या दृष्टीतील हे साम्य वाखाणण्याजोगे आहे. तोवर त्या टापूतील बहुतांश इमारती विद्यापीठाच्याच ताब्यात होत्या. म्हणजे जी पडझड दाखवून शेजाऱ्याची जागा घ्यायची, तिच्यातली मोठी पडझड घेणाऱ्याच्याच मालकीची! आपल्याकडे पागडीच्या वाड्याची डागडुजी न करता भाडेकरू कंटाळून जाण्याची वाट पाहणारे घरमालक पुष्कळ आहेत. पण भाडेकरूच्या नव्हे, शेजाऱ्याच्या घरावर हा प्रयोग करण्याची हिंमत त्यांना अजून झालेली नाही.

डिसेंबर २००९ मध्ये अपील न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी हे संपादन अडवले. मुख्य निकालपत्रात न्यायमूर्तींनी पडझडीच्या या युक्तिवादाची सालटी काढली. दुकानदारांचा आनंद सहा महिने टिकला. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. महामंडळाने परिसर मोडकळीस आल्याचे ठरवले असेल, तर आम्ही त्यात किती लक्ष घालायचे, अशी त्या न्यायालयाची भूमिका. शिवाय कोलंबिया खासगी असले तरी नफा कमावणारे नाही, तेव्हा सक्तीने घेतलेल्या जमिनीवर कुणी खासगी धंदा करील ही भीती इथे नाही, असेही सांगितले. ब्रुकलिनमध्ये बास्केटबॉलच्या मैदानासाठी जमिनी घेण्याला याच न्यायालयाने आधीच्या वर्षी मान्यता दिली होती. मैदान चालते, तर विद्यापीठ का नको? तर्क बिनतोड आहे आणि भीतीदायकही. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला आणि विषय संपला.

विद्यापीठाने काहीच दिले नाही, असे नाही. २००९ मध्ये परिसराच्या भल्यासाठी १५ कोटी डॉलरचा करार झाला, त्यात नव्या शाळेची तरतूद होती. आज तिथे मेंदूविज्ञानाचे संशोधन केंद्र उभे आहे. मेंदूच्या संशोधनापेक्षा जुन्या सामानाच्या खोल्या थोर, असे कोण म्हणेल? पण तुलना एकदा अशी मांडली, की छोटा धंदेवाला दरवेळी हरणारच. पेट्रोल पंपाच्या बाजूने सांगण्यासारखे असते ते एवढेच, की तो मालकाचा आहे आणि त्याला तो विकायचा नाही. कायद्याला एवढे पुरत नसेल, तर मालकी म्हणजे ‘याहून चांगला उपयोग सुचेपर्यंत तुमचे’ एवढेच उरते.

हार्लेमकरांना या शेजाराचा जुना अनुभव आहे. १९६८ मध्ये याच विद्यापीठाने मॉर्निंगसाइड पार्कच्या सार्वजनिक जागेत व्यायामशाळा बांधायला घेतली होती. विद्यार्थ्यांना वरच्या अंगाने प्रवेश, वस्तीतल्या लोकांना खालच्या दाराने. विद्यार्थीच भडकले आणि ते बांधकाम सोडून द्यावे लागले. त्यानंतर संस्थेचा पसारा थांबला, असे झाले नाही. जमिनींची संख्या पाहता कोलंबिया हे न्यूयॉर्कमधले सर्वांत मोठे खासगी जमीनमालक झाले असल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले. शैक्षणिक संस्था म्हणून वर्षाला १८ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता कर त्याला भरावा लागत नाही, हेही त्याच वृत्तात होते. कर भरत होता तो पेट्रोल पंप.

महाराष्ट्रात, जिथे शिक्षणसम्राट नावाची जमात आहे आणि शिक्षणाच्या नावाने सरकारी भूखंड नाममात्र दराने मिळाल्याच्या कहाण्या जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकू येतात, तिथे हा निकाल कुणी फार लक्षपूर्वक वाचू नये अशी आमची इच्छा आहे. सुदैवाने आपल्या २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने पायाभूत प्रकल्पांच्या व्याख्येतून तीन गोष्टी नाव घेऊन वगळल्या आहेत : खासगी रुग्णालये, खासगी शिक्षणसंस्था आणि खासगी हॉटेले. डिसेंबर २०१४च्या अध्यादेशाने त्यांतल्या पहिल्या दोघांसाठी दार उघडले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये अध्यादेशाची मुदत संपली आणि ते पुन्हा बंद झाले. कॉलेजला हॉटेलाच्या पंक्तीला बसवणारी ती ओळ कायद्यात आहे तशीच राहू द्यावी.