एक चुकलेला सल्ला

या सदराचे वाचक मला यंत्रांविषयी काहीबाही विचारतात आणि मी आपला ऐटीत उत्तरे देतो. उत्तर बरोबर निघाले तर आभाराचे पत्र येते; चुकले तर बहुधा कळतच नाही. यंदा मात्र माझे एक उत्तर चुकले आणि ते मला कळलेही. दिवाळीच्या अंकात गोडधोड वाढावे हे खरे. पण नरकचतुर्दशीला आपण पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू थेंब आधी जिभेला लावतो, फराळ मागाहून. तेव्हा आजचा हा मजकूर कारिटाचा समजावा.

त्याचे असे झाले. माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. तो मुलूखच सरोवरांचा. तिथे त्याने १९७८ सालची एक जुनी मोटारबोट विकत घेतली. इंजिन पेट्रोलचे, बोटीच्या पोटात झाकणाखाली बसवलेले. मूळ घडण शेव्हर्ले मोटारीच्या आठ सिलिंडरी, ५.७ लिटरच्या इंजिनाची. उन्हाळा लागला आणि इंजिन अडखळू लागले. पाहतो तो डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजून डुगडुगत होता. नवा घेणे आले. बोटीसाठी म्हणून मिळणारा महाग. त्याच इंजिनाचा मोटारीचा मात्र निम्म्याहून कमी किमतीत.

“मामा, दोन्ही शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ दिसतात. कोणता घेऊ?” त्याने फोनवर विचारले.

माझी उभी हयात मोटारींच्या गॅरेजात गेली. मी म्हणालो, “अरे, पाण्यात उतरले म्हणून इंजिनाची जात बदलते का? मोटारीचा बसव आणि उरलेल्या पैशांत मुलीला सायकल घे.”

त्याने तो मागवला. सरोवराकाठच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेला. मिस्त्रीने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि पुन्हा खोक्यात ठेवला. म्हणाला, “हा बसेल. चालेलही. पण मी बसवणार नाही. बोटीत कोण कोण बसते?”

“मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी.”

“मग तर मुळीच नाही.”

हे ऐकले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तके काढून बसलो तेव्हा माझी चूक माझ्यापुढे उभी राहिली.

डिस्ट्रिब्यूटरचे काम ठिणगी वाटण्याचे. त्याच्या टोपीत रोटर फिरतो आणि हजारो व्होल्टांची वीज एकेका प्लगच्या तारेकडे उडी घेते. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर टोपीत दर सेकंदाला २०० ठिणग्या उडतात. पॉइंटवरच्या ठिणग्या आणखी वेगळ्या. मोटारीत याचे काही वाटत नाही. इंजिन खालून उघडे, पंखा चालू, वारा खेळता. पेट्रोल गळले तरी वाफ निघून जाते.

बोटीचा तळ मात्र पाणी आत येऊ नये म्हणून चहूकडून बंद. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. मग इंजिनाचे झाकण, बोट आणि बोटीतली माणसे, सारेच उडते.

म्हणून बोटीच्या डिस्ट्रिब्यूटरची रचना निराळी. त्याच्या हवेच्या भोकांवर बारीक जाळी असते. टोपीच्या आत वाफ शिरून पेटली तरी ती ज्योत जाळीपाशी आपली उष्णता गमावते आणि बाहेर येण्याआधीच विझते. हंफ्री डेव्हीने १८१५ साली कोळशाच्या खाणींसाठी जो दिवा केला, त्यातलीच ही युक्ती. अमेरिकेत १९७१ साली बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी पेट्रोल इंजिनाच्या खोलीतले विजेचे भाग असे ठिणगी-बंद असावेत असे ठरवले. स्टार्टर आणि आल्टरनेटरही त्यात आले. त्यांच्या कसोटीचे मानक एसएई जे ११७१ या क्रमांकाने ओळखले जाते.

मला हे ठाऊक का नव्हते? कारण मी पाहिलेल्या बोटी म्हणजे भाऊच्या धक्क्यावरच्या लाँची आणि कोकणातले ट्रॉलर. सारा डिझेलचा कारभार. तिथे ठिणगी लागतच नाही, दाबाने तापलेल्या हवेत तेल आपोआप पेटते. मला मोटार ठाऊक होती, लाँच ठाऊक होती. या दोहोंमधली पेट्रोलची बोट ठाऊक नव्हती. आणि नव्हती, तर गप्प बसायचे होते.

आता दुरुस्त केलेला सल्ला. ज्यांचे मुलगे-भाचे तिकडे असतील त्यांनी जरूर कळवावा. सुटा भाग रूपावरून घेऊ नये. बोटीच्या इंजिनाचा क्रमांक सांगून घ्यावा. त्यावर जे ११७१ किंवा इग्निशन प्रोटेक्टेड अशी खूण आहे का पाहावे. जुना घ्यायचा तर जाळी फाटलेली नाही ना, हे आधी तपासावे. दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन उलटे फिरणारे असू शकते, तेव्हा फिरण्याची दिशाही विचारावी. ठिणगी किती आधी पडावी याचे गणितही मोटारीचे वेगळे आणि बोटीचे वेगळे. ते चुकले तर इंजिन ठोके देऊ लागते. आणि एवढे करूनही, किल्ली फिरवण्याआधी तळाचा वास घ्यावा आणि वाफ काढणारा पंखा चार मिनिटे चालवावा. पेट्रोलचा वास आला तर किल्लीला हात लावू नये.

भाग यंत्रात बसला म्हणजे काम झाले, असे मी जन्मभर समजत आलो. तो ज्या जागेत बसायचा तिथेही तो चालला पाहिजे, हे मला एका परक्या मिस्त्रीने शिकवले. फुलबाजी तीच, अंगणात लावली तर दिवाळी, रॉकेलच्या कोठीत लावली तर होळी.

भाच्याने मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर परत केला आणि महागाचा घेतला. किमतीतला फरक मी पाठवतो म्हणालो, त्याने घेतला नाही. मुलीच्या सायकलीचे पैसे मात्र मी पाठवले आहेत.